माहितगार पाहिजे

मंगळवार, ८ जानेवारी २०१९

आज मनोरंजन केंद्राच्या दारात पहिल्यांदा टेबल मांडलं. निळं कापड, माहितीपत्रकं, गालातून नमुना घ्यायच्या काड्यांची पाकिटं आणि गोळ्यांचा वाडगा. फिनिक्सच्या संशोधनवाल्यांनी साखरेच्या पेपरमिंट पाठवल्या होत्या. त्या मी पिशवीत कोंबल्या आणि बिनसाखरेच्या आणून ठेवल्या. जन्मभर लोकांचे दात साफ करून पोट भरलं, आता म्हातारपणी त्यांना फुकट कीड वाटू?

काम तसं सोपं. गालाच्या आतून काडी फिरवायची, नळीत घालायची, पाठवून द्यायची. ते त्यात एकच जनुक बघतात, स्मृतिभ्रंशाशी नातं असलेलं. निकाल कुणाला सांगत नाहीत, त्या माणसालाही नाही. नाव नोंदलेलं राहतं आणि एखादं संशोधन सुरू झालं की बोलावणं येतं. जनुक असलेल्यांना येतं आणि नसलेल्यांनाही येतं, म्हणजे बोलावण्यावरून कुणी काही ताडू नये.

पिकलबॉल, ते छोट्या बॅटीचं टेनिस, खेळून आलेल्या बायका टेबलाला असा वळसा घालून गेल्या, जशी मी वर्गणी मागायलाच बसले आहे. अर्धी सकाळ मी आणि वाडगा. मग एक गृहस्थ थांबले. वेंडेल प्रुइट, टल्साचे.

"कुठलं टोक तोंडात घालायचं, बाई?"

"कापसाचं."

"आणि मग कळतं काय?"

"तुम्हाला काहीच कळत नाही."

"हे उत्तम. डॉक्टर लोकांनी सगळ्याच बाबतीत असं केलं पाहिजे."

भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे बसवण्याचा त्यांचा धंदा होता. त्यात गुडघे गेले, आणि आता निवृत्तांच्या ह्या सोलाना गावात घरोघरी नुसती फरशी बघून जीव तुटतो म्हणाले. मी सवयीने 'आ करा' म्हणून गेले, आणि त्यांनी केला. खालचे पुढचे दात दाटीवाटीचे, पण सगळे स्वतःचे. मागे एक सोन्याची दाढ. हिरड्या मात्र लाल झालेल्या. दात नीट घासत जा, असं सांगितलं.

"घासले ना सकाळी," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "घासले असणार."

आम्हाला शेवटी म्हणायला एक वाक्य पाठ करायला दिलंय: 'नळी टपालात टाका आणि विसरून जा.' हे कुणी लिहिलं असेल देव जाणे. मी ते म्हणाले, आणि हे गृहस्थ इतके हसले की पिकलबॉलवाल्या वळून बघायला लागल्या.

"त्यात मी पटाईत आहे," म्हणाले.

दिवसभरात एवढा एकच मासा गळाला लागला.

रविवार, १३ जानेवारी

चर्चमधून आले तर दारात पुन्हा ग्रेपफ्रूटची पिशवी. जानेवारीत इथे प्रत्येकाच्या अंगणातलं झाड लगडतं आणि जो तो दुसऱ्याच्या दारात पिशवी ठेवून पळतो. माझ्याच झाडाखाली सडा पडलाय. बेल वाजवली असती तर कॉफी केली असती. बेल कुणी वाजवत नाही.

संध्याकाळी आर्डेलचा फोटो पुसला. आई गेली ती स्वतःचं नाव विसरून. मग धाकटी बहीण असून आर्डेल माझ्याआधी त्याच वाटेने गेली. आता माझा नंबर असेल तर असेल. त्याची भीती आहेच, पण रोज सकाळी उठल्यावर जी येते ती भीती वेगळी आहे. आर्डेलचं काहीतरी बिनसतंय हे तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं होतं, ती मीठ दोनदा घालायला लागली तेव्हाच. माझ्या स्वयंपाकात मी मीठ दोनदा घातलं तर ते कुणाच्या लक्षात येणार? माझा नवरा रुबेन तर कधीचा गेला.

मला संशोधनात घेतलं तर दर सहा महिन्यांनी कुणीतरी मला समोर बसवून बघेल. खरं कारण हे आहे. फॉर्मवर मी 'विज्ञानाला मदत' असं लिहिलंय. तेही खोटं नाही.

मंगळवार, २९ जानेवारी

बोलावणं आलं! शरद ऋतूत मी माझी स्वतःची काडी पाठवली होती, त्यावरून. फोन करणारी इत्झेल बर्राझा, तिथली समन्वयक, आवाजावरून पोरगेलीच वाटली.

"नवीन औषधाची चाचणी आहे, मिसेस ट्वेट. आजार सुरू होण्याआधीच औषध दिलं तर तो अडतो का, हे बघायचंय. म्हणून स्मरणशक्ती ठणठणीत असलेली माणसं हवीत."

"माझी ठणठणीत आहे."

"ते तुम्ही सांगून चालत नाही ना," ती हसली. "तुम्हाला जवळून ओळखणारं कुणीतरी सोबत आणायचं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी भेटणारं. आम्ही त्यांना वेगळ्या खोलीत बसवून तुमच्याबद्दल विचारतो. सुरुवातीला एकदा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. नवरा, मुलगी, मैत्रीण, कुणीही चालेल."

"कुणीही म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यात काही बदललं तर ज्याच्या लक्षात येईल असं."

मी म्हणाले, हो हो, आहेत की, पुष्कळ आहेत. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

ते लोक अशा माणसाला 'अभ्यासातला जोडीदार' म्हणतात. मला जोडीदार नको. मला माहितगार हवा.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

ब्रिटाला डुलुथला फोन केला. आर्डेलची मुलगी, माझं रक्ताचं एवढंच उरलंय.

"मार्लिस मावशी! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही गं. सहज केला."

सहज नव्हताच, तेव्हा सगळं सांगितलं. फोनवरून उत्तरं दिली तरी चालतं, आपण आठवड्यातून दोनदा बोलत जाऊ, असंही म्हणाले.  मागे तिच्याकडे भांडी धुण्याचा आवाज येत होता.

"मावशी, आपण ख्रिसमसला बोलतो. तू कशी आहेस ते मला काय माहीत? आणि खरं सांगू, मला त्यातलं काही ऐकायचंच नाहीये. आईचं बघितलं तेवढं पुरे झालं. उद्या तू मलाही म्हणशील, काडी घाल तोंडात."

"नाही म्हणणार."

"म्हणशील."

म्हणाले असते. पोरगी मला तेवढी तरी ओळखते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शेजारच्या कॅनडावाल्यांना विचारलं. आनंदाने, म्हणाले, फक्त एप्रिल ते नोव्हेंबर आम्ही मॅनिटोबाला असतो, तोवर काही बिघडायचं नाही ना? आणि हसले. मीही हसले. चर्चच्या गायनवृंदात माझ्या शेजारी उभ्या राहतात त्या बाईंनाही विचारायचं धाडस केलं. त्यांनी माझा हात दाबला आणि प्रार्थना करीन म्हणाल्या.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

वेंडेल प्रुइट टेबलापाशी आले, हात कमरेवर.

"दातवाल्या बाई, तुमच्या काडीने मला चांगलंच गोत्यात आणलं."

त्यांनाही बोलावणं आलंय, त्याच चाचणीचं. त्यांचंही कुणी नाही. बायको अर्लीन गेली. मुलगा अलास्कात मासेमारीच्या बोटीवर, फोन लागत नाही आणि लागला तरी उचलत नाही.

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"नाव दिलं की."

"कुणाचं?"

"तुमचं."

मी वाडगा खाली ठेवला. "आणि ओळख किती वर्षांची म्हणालात?"

"तीन."

"अहो, आपली ओळख एका काडीची आहे!"

"मग वाढवा ना. मे महिन्यापर्यंत वेळ आहे."

ओरडायला हवं होतं. ओरडण्यासाठी तोंडही उघडलं होतं. पण विचारलं ते भलतंच. म्हटलं, सगळं गाव सोडून माझंच नाव का?

"तुम्ही माझ्या हिरड्या लाल आहेत म्हणालात. एवढं निरखून माझ्या मुलाने मला जन्मात बघितलं नाही."

घरी येऊन इत्झेलला फोन केला आणि माझा माहितगार म्हणून त्यांचं नाव दिलं. एकमेकांचे माहितगार चालतात का, विचारलं. नवराबायको असंच तर करतात, म्हणाली. मी लुथरन पंथाची बाई, लबाडी माझ्या अंगाला कधी लागलेली नाही. पण आज जेवण गोड लागलं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

अभ्यास सुरू. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी पॅनकेकच्या हॉटेलात. दोघांनी एकमेकांना पाठ करायचं. मी बडबड्या माणसांना तोंड उघडायला लावून गप्प करण्यात आयुष्य घालवलं, ह्याला बोलतं करायला काहीच लागत नाही. आता अहो-जाहो सोडलंय, तीन वर्षांच्या ओळखीत ते शोभत नाही.

अर्लीन त्याला स्केटिंगच्या हॉलमध्ये भेटली. ती पडली, मनगट मोडलं, आणि ह्याने काकाच्या दुधाच्या ट्रकमधून तिला दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती रडत नव्हती, शिव्या देत होती. "तिथेच मी खलास झालो," म्हणाला.

मी माझं सांगितलं. मनुका चालत नाहीत, हंसांना घाबरते, रुबेन जमीन मोजणीचं काम करायचा, ते सगळं. रुबेन उंच होता का, हे त्याने दोनदा विचारलं. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत रुबेनबद्दल कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

शुक्रवार, ८ मार्च

आज मी त्याला पकडलं! अर्लीनची गोष्ट पुन्हा सांगत होता, तर ह्या खेपेला ती त्याला चर्चच्या तळघरात भेटली. हा गालिचा बसवत होता आणि तिने सरबत आणून दिलं.

"थांब थांब," मी म्हणाले. "मग मनगट कुणाचं मोडलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "शाब्बास! लक्ष आहे का बघत होतो."

म्हणजे हा माझी परीक्षा घेतोय! मला हसू आवरेना. वाढणारी मुलगी विचारायला आली, काय झालं. ठरवलं, आता आपणही ह्याला फसवायचं. शेवटी बोलता बोलता म्हणाले, रुबेन पोस्टमन होता ना, म्हणून त्याला कुत्री आवडायची नाहीत. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "साहजिक आहे," म्हणाला. पक्का खेळाडू आहे हा माणूस.

मंगळवार, २६ मार्च

कचरा टाकायला बाहेर गेले तर वेंडेल शेजारच्या कॅनडावाल्यांच्या शेडमध्ये गोल्फकार्ट लावून आत बसलेला. मांडीवर पेकानच्या गोड रोलचा खोका.

"इथे काय करतोयस?"

"तू दार उघडायची वाट बघतोय."

"हे माझं घर नाही."

"मग तुझं लवकर उघडणार कसं?" म्हणाला आणि उतरला.

ह्या गावात घरं सगळी एका साच्यातली. नवी असताना मीही परक्या दाराला किल्ली लावत उभी होते, आतून एक बाई आ वासून बघत होती. आम्ही रोल खाल्ले, कॉफी झाली. मग तो 'अरे, विसरलोच' म्हणत कार्टकडे गेला आणि दुसरा खोका घेऊन आला, तोही रोलचाच. माझ्यावर एवढा खर्च कुणी केला नव्हता. हिरड्या मात्र अजून लाल आहेत. त्याला नवा ब्रश दिला, मागच्या महिन्यात दिला तसाच.

रविवार, १४ एप्रिल

कॅनडावाले गेले. त्यांच्या खिडक्यांना आतून चांदीचा कागद लावलाय. आमच्या रस्त्यावर आता पाच घरांत मिळून मी. टेबल बंद केलं, उन्हाळ्यात दारात बसलं तर कापड तापतं आणि यायला माणूसच नसतो. पहाटे फिरायला गेले, नुसते लावे पळत होते पिल्लं घेऊन, आणि कुणाच्या तरी अंगणात पाण्याचा फवारा उगाच रस्त्यावर पडत होता.

पूर्वी एप्रिल आला की मी नोव्हेंबरपर्यंतचे दिवस मोजायला लागायचे. यंदा मंगळवार आहे आणि शुक्रवार आहे. एवढ्यानेच वर्ष निराळं झालं.

शुक्रवार, १० मे

माझ्या झोपण्याच्या खोलीत गालिचा आला! फरशीवर उतरताना माझे पाय गार पडतात, असं कधीतरी बोलले होते. वेंडेल आज कार्टवर हे मोठं भेंडोळं आडवं टाकून हजर. त्याचं सामान बघून मी चकित झाले. गुडघ्याने ढकलून गालिचा ताणायचं ते अवजार, वाकडी सुरी, पट्टी. गुडघ्यांची हाडं कुरकुरत होती पण हात एकदाही अडखळला नाही. दाराच्या चौकटीपाशी कापलेली कड अशी की केस जाणार नाही. त्याला बघताना मला वाटलं, मंगळवारी फिनिक्सला विचारतील त्या प्रश्नांची काय भीती बाळगायची? असे हात असलेल्या माणसाला कसला धोका?

काम संपल्यावर तो भिंतीला टेकून बसला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "अर्लीनला आवडेल."

 चाळीस वर्षांच्या संसाराची सवय, जीभ घसरते. खोटं कशाला लिहू, मला थोडं लागलं. पण अनवाणी उभी राहिले आणि ते विसरले.

रविवारी त्याला विचारणार, गुडघे कसे आहेत.

मंगळवार, १४ मे

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

गाडी मी चालवली. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. फिनिक्सला पोचलो. इत्झेलच्या दातांना तार आहे, ह्या वयात. तार लावायला वय नसतं म्हणून मी तिचं कौतुक केलं. तिने वेंडेलला बाहेर बसवलं आणि आधी मला आत नेलं, त्याची माहितगार म्हणून.

"ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात का?"

"नाही."

"ओळखीच्या जागी चुकतात का?"

"नाही. म्हणजे आमच्या गावात सगळेच चुकतात."

"स्वभावात, स्वच्छतेत काही बदल?"

"नाही," मी म्हणाले. तिन्ही उत्तरं आम्ही घोकली होती, तशीच दिली.

मग ती म्हणाली, "आता गेल्या आठवड्यातली एखादी घटना सविस्तर सांगा, दोघांनी मिळून काही केलं असेल अशी. नंतर मी त्यांना तीच विचारीन. दोघांचं जुळतंय का बघते."

हे आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हणाले, सोपं आहे, गालिचा. आणि तोंड उघडलं, आणि रविवार आठवला. रविवारी मी विचारलं होतं, गालिच्याने गुडघे दुखले का रे? आणि तो म्हणाला होता, कुठला गालिचा? म्हणाला आणि डोळा मारला. मारला होता का? की मारला असं मी धरून चालले? मग म्हटलं, गालिचा नको, दुसरं काहीतरी सांगू. शनिवारचं चर्चमधलं जेवण. तिथे त्याने मला दोनदा विचारलं, आपण कुणाकडे आलोय. तेही नको. शुक्रवारचे पॅनकेक, पण तेव्हा मागवलेले खाऊन झाल्यावर त्याने पुन्हा मागवले होते आणि मी त्या मुलीला सांगितलं होतं, ह्यांना आज भूक लागलीय.

मला फक्त एक गोष्ट हवी होती, त्याला नक्की आठवेल अशी. अख्ख्या आठवड्यात एक. आणि ती शोधता शोधता माझ्या ध्यानात आलं की मी नेमकं काय शोधतेय.

इत्झेल पेन धरून थांबली होती. 

"पोरी," मी म्हणाले, "मागचे प्रश्न पुन्हा विचार."

तिने विचारले. ह्या वेळी सगळं सांगितलं, दुधाचा ट्रक आणि तळघर, शेजारच्यांची शेड, रोलचे दोन खोके, अर्लीन. आमची ओळख जानेवारीतली आहे हेही सांगितलं. ती लिहून घेत राहिली. शेवटी म्हणाली, त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवू, लवकर कळलं हे चांगलं झालं. मग हळूच, "म्हणजे ते तुमचे माहितगार राहू शकणार नाहीत, मिसेस ट्वेट."

"माहीत आहे."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही," मी म्हणाले. पुष्कळ आहेत असं म्हणायला आज जमलं नाही.

गाडीत मी रस्त्याकडे बघत त्याला सगळं सांगितलं, त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून.  मग तो ओरडला.

"तुला काय पडलं होतं गं? दोघांचंही जमत होतं!"

"खोटं जमत होतं, वेंडेल."

"खोटंच होतं ना सगळं! पहिल्या दिवसापासून! मग नेमकं शेवटीच खरं बोलायची हुक्की कशी आली?"

त्याच्या घरापाशी तो उतरला आणि दार आपटलं. त्याचं म्हणणं चूक नाही. 

मंगळवार, २१ मे

पॅनकेकच्या हॉटेलात एकटीच गेले. तो आला नाही. वाढणारी मुलगी म्हणाली, "मिस्टर आजारी आहेत का?" मी हो म्हणाले. 'मिस्टर' आणि 'आजारी', दोन्ही बाबतीत तिला खोडून काढायचं माझ्या जिवावर आलं.

गुरुवार, ३० मे

इत्झेलचा फोन. माझं नाव चाचणीतून काढलंय, नोंदणीत मात्र राहील, पुढेमागे बोलावणं येईल. फार अजिजीने बोलली बिचारी. मी तिला तार असताना दात कसे घासायचे ते सांगितलं.

मग गालिच्यावर बसून रडले. औषधासाठी नाही. त्याचा गुण आला असता की नाही कुणास ठाऊक. रडले ते असं वाटून की आता मी कधी, कशी, कुठून विरघळायला लागले तरी ते कुणालाच समजणार नाही. कॅनडावाले नोव्हेंबरला येतील आणि म्हणतील, अगंबाई.

बाहेर एकशे आठ फॅरनहाइट तापमान. आज मी फोन सोडून कुणाशी बोललेले नाही. काल तर फोनही नव्हता.

मंगळवार, ४ जून

बेल वाजली. एवढ्या उन्हात कोण, म्हणून दार उघडलं तर वेंडेल. चालत आला होता, चेहरा लालबुंद. कार्टची किल्ली सापडली नाही म्हणाला. त्याला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं.

"पुढच्या मंगळवारी त्या मेंदूवाल्याकडे जायचंय," तो म्हणाला. "ते म्हणतात, ओळखणारं कुणीतरी आणा."

"मुलगा?"

"त्याला माझ्या बुटाचा नंबर माहीत नाही."

 तो ग्लास फिरवत राहिला.

"मार्लिस, ती परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती."

"कळलं मला."

"ह्याआधीच पकडशील असं वाटायचं. दर वेळी वाटायचं, आता पकडणार. भीतीही वाटायची आणि सुटल्यासारखंही. आणि तू आपली खूश."

हे वाक्य दिवसभर मला टोचतंय. मला कुणीतरी नीट बघावं म्हणून मी सगळं गाव पालथं घातलं, आणि हा समोर बसून तेच मागत होता. मी बघितलं काय, तर त्याच्या हिरड्या. कुणीतरी सोबत आहे ह्या आनंदात मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"येईन," मी म्हणाले. "पण ह्या वेळी सगळं खरं सांगणार. तुझ्या तोंडावर."

"म्हणून तर आलो."

मंगळवार, ११ जून

दवाखान्यात थंडी होती, मी त्याच्यासाठी स्वेटर नेला होता. डॉक्टरांच्या आधी एक नर्स आला, उंच, टक्कल पडलेला, शांत आवाजाचा. इथे वेगळ्या खोल्या नाहीत. त्याने वेंडेलच्या समोरच मला विचारलं आणि मी वेंडेलच्या समोरच सांगितलं. काही गाळलं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. अर्लीनचं सांगताना मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने मान हलवली, पुढे बोल अशी.

नर्सने सगळं टाइप करून घेतलं आणि त्याच्याकडे वळला. "मिस्टर प्रुइट, तुम्हाला काही सांगायचंय?"

"हिचंही लिहून घ्या."

"ह्या पेशंट नाहीत."

"म्हणूनच सांगतोय. हिचं विचारायला कुणी नाही. हिच्या आईला होतं, बहिणीला होतं, आणि ही घरी एकटी असते. मला ती अजून नीट माहीत आहे, तोवर विचारून घ्या."

मी म्हणाले, वेंडेल, पुरे. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधायला लागले.

"माझ्याकडे ह्यांची फाइल नाही," तो म्हणाला.

"मग उघडा."

 नर्सने खुर्ची ओढली, प्रिंटरमधून एक कोरा कागद घेतला आणि वेंडेलच्या समोर बसला. म्हणाला, सांगा.

वेंडेलने सांगितलं. काही बरोबर, काही अर्लीनचं. पण मी त्याला कधीच न सांगितलेलंही सांगितलं. गाडी चालवताना ही गुणगुणते आणि हिला वाटतं आपण गप्प आहोत. कुणी जायला उठलं की ही काहीतरी नवीन विषय काढते आणि माणसाला दारात उभं करते. फोनवर कुणी विचारायच्या आधीच 'मी मजेत' म्हणते. मला माझ्या ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी रडत होते आणि लपवत नव्हते.

"आणि स्मरणशक्ती?" नर्सने विचारलं. "काही विसरतात?"

वेंडेल माझ्याकडे वळला. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. बराच वेळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता.

"आजपर्यंत तरी नाही," तो म्हणाला. "पण मी लवकरच बाद होणार. पुढे हिच्याकडे बघायला कुणीतरी नेमा."

नर्सने तेही लिहून घेतलं.